गद्य गायचं कसं? राव्हेलच्या पाच प्राणिगीतांचा प्रकरण अभ्यास

१२ जानेवारी १९०७. पॅरिसमधल्या साल एरार या सभागृहात सोसिएते नास्योनाल या संगीतसंस्थेची मैफल होती. गायिका झान बातोरी, पियानोवर स्वतः संगीतकार मोरिस राव्हेल, वय ३१. पाच नवी गाणी सादर झाली: मोर, रातकिडा, हंस, खंड्या आणि गिनी कोंबडी. श्रोते बिथरले, हशा, शिट्ट्या, आरडाओरडा झाला. हे श्रोते काही आडवाटेने आत शिरलेले नव्हते. नवं फ्रेंच संगीत ऐकायला येणारी, बरीचशी स्वतः संगीत लिहिणारी मंडळी होती. असे जाणते कान पाच छोट्या गाण्यांवर का चिडावेत?

सुरावटीत आणि स्वरमेळात (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) त्या काळी कोणाला धक्का बसावा असं फारसं नव्हतं. फ्रेंच संगीतकार देब्युसीचा ‘पेलेआस’ हा ऑपेरा १९०२ मध्येच येऊन गेला होता, आणि तोही गद्यावरच होता. खटकलं ते शब्दांचं वागणं. गाण्यात शब्द कसे उच्चारायचे याचा एक पक्का रिवाज होता, तो राव्हेलने मोडला. का मोडला हे त्याने निवडलेल्या मजकुरात सापडतं, म्हणून आधी मजकूर पाहू.

हाती आलेला मजकूर

झ्यूल रनार याचं ‘इस्त्वार नात्यूरेल’ हे पुस्तक १८९६ चं. प्राण्यापक्ष्यांची छोटी शब्दचित्रं; काही पानभराची, काही चार ओळींत आटोपणारी. नाव निसर्गविज्ञानाच्या ग्रंथासारखं भारदस्त, आतला सूर मात्र अंगणात उभं राहून बघणाऱ्या तिरकस माणसाचा. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी, आणि बहुतेक वेळा शेवटच्या एकदोन वाक्यांत कलाटणी. यमक नाही, ध्रुवपद नाही, कडवी नाहीत.

कवितेला चाल लावताना काय काय आयतं मिळतं, ते आठवलं की इथली अडचण कळते. ओळीची लांबी ठरलेली असते, म्हणून सांगीतिक वाक्याची लांबीही ठरते. यमक आलं की कानाला टेकायला जागा मिळते. कडवं संपलं की तीच चाल पुन्हा घेता येते. लघु-गुरू किंवा आघातांची रचना ठेका सुचवते. शूबर्टच्या काळापासूनची कलागीतं मुख्यतः या चार आधारांवर उभी आहेत. संगीतकाराने एखादा आधार मुद्दाम झुगारला, तरी झुगारायला तो हाताशी असतो.

गद्यात या चारांतलं काहीच नसतं. तरीही त्याआधी गद्याला चाल लावण्याचे प्रयत्न झाले होते. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीने १८६८ मध्ये गोगोल या लेखकाच्या नाटकाचे संवाद जसेच्या तसे घेऊन ऑपेराचा एक अंक लिहिला. पुढे बालविश्वावरची गाणी स्वतःच्या गद्यावर केली. देब्युसीने पियेर लुईसच्या गद्यकवितांवर १८९७-९८ मध्ये तीन गाणी केली. पण लुईसचं गद्य आधीच लयदार आणि सुगंधी. रनारचं गद्य कोरडं आहे, आणि त्याचा विनोद त्या कोरडेपणातच आहे. त्याच्यावर गोड चाल ओतली तर विनोद मरणार, आणि नुसतं पठणासारखं सोडलं तर गाणंच होणार नाही.

रनारलाही या उद्योगात रस नव्हता. प्रयोगाच्या दिवशी राव्हेल त्याला आमंत्रण द्यायला गेला. ती भेट रनारच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. आपल्याला संगीतातलं काही कळत नाही असं सांगून रनारने विचारलं, की या लेखनात तुम्ही आणखी काय घालणार? राव्हेलचं उत्तर थोडक्यात असं होतं: घालायचं काहीच नाही, अर्थ लावायचा आहे, तुम्ही जे शब्दांनी सांगता ते मी सुरांनी सांगायचा प्रयत्न केला आहे. हे उत्तर विनयाचं वाटतं, पण गाण्यांची बांधणी पाहिली तर ती कामाची अटच होती.

गिळलेल्या अक्षराचा प्रश्न

फ्रेंचमध्ये कित्येक शब्दांच्या शेवटी एक दुबळा ‘अ’ असतो. लिहिताना तो दिसतो, बोलताना बहुधा गळतो. पद्यात मात्र पुढे व्यंजन आलं की तो मोजायचा आणि पुढे स्वर आला की सोडायचा, असा नियम. गाण्यात त्याहून पुढची पायरी: मोजला आहे म्हणजे त्याला स्वतःचा सूर द्यायचा, ओळीच्या शेवटीसुद्धा.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘कमळ’ बोलताना ‘कमळ्’ असं दोन अक्षरी ऐकू येतं. वृत्तात तेच तीन लघूंचं होतं, आणि गाताना शेवटचा ‘ळ’ स्वतःची जागा मागतो. ती जागा दिली नाही, तर गाणारा बोलतोय असं वाटतं.

राव्हेलला नेमकं तेच हवं होतं. रनारची दोन छोटी वाक्यखंडं मोजून पाहू.

मोराच्या चित्रात वधूबद्दल एक वाक्य आहे: ती काही उशीर करायची नाही. फ्रेंचमध्ये ‘एल न प तार्दे’. जुन्या रिवाजाने: ए-ल-न-प-तार्-दे, सहा अक्षरं. बोलण्यात: एल्-न-प-तार्-दे, पाच.

खंड्याच्या चित्रातला ‘एक दुर्मीळ अनुभूती’ या अर्थाचा तुकडा: जुन्या रिवाजाने यु-न-रा-रे-मो-सि-ओं, सात अक्षरं. बोलण्यात: यून्-रा-रे-मो-स्यों, पाच. एवढ्याशा तुकड्यात दोन अक्षरांचा फरक. एक दुबळा ‘अ’ गळला म्हणून, आणि दुसरं शेवटचे दोन स्वर एकात मिसळले म्हणून.

सात अक्षरं गायली तर बोलणारा रंगमंचावर उभा राहून काव्यवाचन करतोय असं वाटतं. पाच गायली तर तोच माणूस गळ टाकून घरी येऊन दाराशी बोलतोय. राव्हेलने दुबळे ‘अ’ सरसकट गाळले असं मात्र नाही. बोलताना जिथे जीभ अडखळेल आणि ‘अ’ टिकेल, तिथे त्याने तो ठेवला. कसोटी एकच: हे वाक्य पॅरिसचा सुशिक्षित माणूस सहज बोलताना कसं म्हणेल?

हीच गोष्ट त्या संध्याकाळी बोचली. पॅरिसमध्ये ‘अ’ गिळून गाण्याची पद्धत होतीच, पण ती कॅफेतल्या हलक्याफुलक्या गाण्यांची. तिथल्या छापील गीतांत गाळलेल्या ‘अ’ च्या जागी लोपचिन्हं (’) असायची. म्हणजे साल एरारच्या श्रोत्यांना ऐकू आला तो बारीक कलाकुसरीचा पियानो, आणि त्यावर रस्त्यावरचा उच्चार. ‘ल ताँ’ या दैनिकाचा समीक्षक पियेर लालो याने टोमणाही तसाच मारला: हे तर नवमाचे (नवव्या सुरापर्यंत रचलेले) स्वरमेळ लावलेलं कॅफेचं गाणं. टोमणा खवचट होता, पण कानाची तक्रार त्याने अचूक पकडली होती.

एक वाक्य जवळून

खंड्याच्या चित्राचं पहिलं वाक्य: आज संध्याकाळी गळाला काही लागलं नाही, पण एक दुर्मीळ अनुभूती घेऊन परततोय. फ्रेंच वाक्याचे श्वासाप्रमाणे चार तुकडे पडतात:

सा ना पा मोर्दू (५ अक्षरं) / स स्वार (२) / मे ज रापोर्त (४) / यून् रारेमोस्यों (५).

पाच, दोन, चार, पाच. शेजारचे कुठलेच दोन तुकडे जुळत नाहीत. बारा अक्षरांच्या, मधोमध यती असलेल्या अभिजात फ्रेंच ओळीवर वाढलेल्या कानाला हे लंगडं वाटणारच. नवखा संगीतकार इथे हमखास एक चूक करतो. ‘स स्वार’ हा दोन अक्षरांचा तुकडा ओढून चार मात्रांचा करतो, म्हणजे पहिल्या तुकड्याशी तोल साधतो. ऐकायला छान लागतं. पण ‘आज संध्याकाळी’ या दोन शब्दांना भलतंच महत्त्व येतं आणि वाक्य हळवं होतं. मूळ वाक्यात तो तुकडा जाता जाता टाकलेला आहे.

दुसरी चूक आघाताची. फ्रेंचमध्ये शब्दाला स्वतःचा ठाम आघात नसतो; श्वासाच्या तुकड्यातल्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर वजन येतं. या वाक्यात ती अक्षरं म्हणजे ‘दू’, ‘स्वार’, ‘पोर्त’ आणि ‘स्यों’. यांना लांब सूर, उंच सूर किंवा मात्रेची ठोस जागा यांपैकी काहीतरी मिळालं पाहिजे. तिन्ही एकदम दिले तर भाषण होतं. ‘मे’ (पण), ‘ज’ (मी) अशा शब्दांवर सम पडली तर फ्रेंच माणसाला वाक्यच कळत नाही. जर्मन गीतांच्या सवयीचे संगीतकार इथे घसरतात, कारण जर्मन शब्दाचा आघात शब्दासोबतच येतो.

अशा मजकुराचं काम साधारण या क्रमाने होतं: वाक्य मोठ्याने, न रंगवता वाचायचं, श्वासाच्या खुणा करायच्या, प्रत्येक तुकड्याची बोलीतली अक्षरं मोजायची, शेवटच्या वजनदार अक्षराखाली रेघ मारायची, मगच लय लिहायची, आणि सूर त्याही नंतर. लय आधी आणि सूर मागून, हा क्रम उलटला की गोड चालीच्या मोहापायी उच्चार वाकवला जातो. सुरांची उडीही मर्यादेत ठेवावी लागते. बोलण्यात आवाज फार वरखाली जात नाही, म्हणून या गाण्यांत गळा बराच वेळ आटोपशीर पट्ट्यात फिरतो, एका अक्षराला एक सूर, ताना नाहीत, शब्दांची पुनरावृत्ती नाही. त्यामुळे मोठी उडी आली की ती ऐकू येते. मोर छपरावर चढून ‘लेओं! लेओं!’ असा कर्कश आवाज टाकतो तिथे ती राखून ठेवलेली ताकद वापरलेली आहे.

मग गाणं कशावर उभं आहे?

गळा बोलत असेल तर आकार कोणीतरी धरायला हवा. तो पियानो धरतो. प्रत्येक गाण्यात राव्हेलने प्राण्याची एक चाल, एक हालचाल पकडली आणि तिच्यापासून पियानोची आकृती बनवली. ती आकृती परत परत येते, बदलते, मोडते. कडव्याचं आणि यमकाचं काम तीच करते. गायक वाक्य कुठेही तोडो, खालचं विणकाम चालू असतं.

मोरात ही आकृती दरबारी आहे: ‘घाई न करता, रुबाबात’ अशी सूचना, आणि लांब-आखूड, लांब-आखूड असा राजेशाही पावलांचा ठेका. नवरदेव नटून बसला आहे, वधू काही येत नाही. ठेका मात्र मिरवणुकीचाच राहतो. विनोदासाठी वेगळं काही करावंच लागत नाही. मोर पिसारा उघडतो तिथे पियानोच्या पट्ट्यांवरून बोट सरकवत नेलेला ग्लिसांदो.

हंस हे पाचांतलं सर्वांत धूर्त गाणं, आणि गद्य गायचा प्रश्न इथे पूर्णपणे सुटलेला दिसतो. रनारचा हंस पाण्यावर पांढऱ्या घसरगाडीसारखा ढगाढगांवरून सरकतो. त्याला भूक आहे फक्त पाण्यात दिसणाऱ्या ढगांची. चोच मारतो, ढग विस्कटतात, पुन्हा जमतात; बिचारा ढगाचा एक तुकडाही न मिळता मरून जाईल बहुधा. मग रनार थबकतो: पण मी काय बोलतोय? दरवेळी बुडी मारली की तो चिखलातून एक किडा काढतो. गूज या पाळीव पक्ष्यासारखा लठ्ठ होतोय.

राव्हेलने पहिल्या जवळपास संपूर्ण भागाला सात-सात सुरांच्या झुपक्यांची, अगदी मऊ, पेडलमध्ये (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीत) बुडवलेली लाट दिली. पाण्याचं वर्णन करायला हे साधन इतकं तयार होतं की ऐकणारा सहज फसतो. सातचा हिशेबही महत्त्वाचा: चार किंवा आठ असते तर मात्रेचे खांब दिसले असते, सातात कानाला कड सापडत नाही. वर बोलीतलं वाक्य आपल्या विषम तुकड्यांनी तरंगत राहतं आणि ते विषम आहे हे जाणवतच नाही. कलाटणीला लाट थांबते. कोरडे, तुटक स्वरमेळ येतात, पेडल जातं. गळ्याची पद्धत तीच, आधीही तो बोलतच होता. पण आता खालचं पाणी काढून घेतल्यामुळे पहिल्यांदाच ते नुसतं बोलणं म्हणून ऐकू येतं. गद्य लपवायचं कधी आणि उघडं पाडायचं कधी, हे पियानोच्या हातात ठेवलं आहे.

रातकिड्यात आकृती आणखी बारीक. किडा फिरून येतो, आपल्या घराची वाळूची वाट विंचरतो, दमतो, मग आपल्या इवल्याशा घड्याळाला चावी देतो. पियानो उंच पट्टीत हळू किरकिरतो. ‘तो विसावा घेतो’ हे तीन शब्दांचं वाक्य येतं, पुढे थोडं लांबून पुन्हा येतं, आणि संगीतही त्याच्याबरोबर विसावतं. या शांतता लिहिलेल्या आहेत, वादकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. शेवटी किडा जमिनीत उतरतो, काही ऐकू येत नाही, आणि मग मोठे, संथ स्वरमेळ: मूक शिवारात पॉपलरची झाडं बोटांसारखी उभी राहून चंद्राकडे दाखवतात. आधीची दोन-तीन मिनिटं सगळं नखाएवढं होतं, म्हणून हे स्वरमेळ मोठे वाटतात. नुसते वाजवून पाहिले तर त्यात फारसं काही नाही.

खंड्याचं गाणं अतिशय संथ, दाट स्वरमेळांचं. पाचांतलं हेच एक असं, की पक्षी हलू नये म्हणून माणूस श्वास रोखून उभा आहे; त्यामुळे इथली आकृती म्हणजे हालचालीचा अभाव. गिनी कोंबडीचं नेमकं उलट: भांडखोर, खरखरीत, शेजारशेजारच्या सुरांचे टोचे. संचाचा शेवट दणक्यात करायला ते गाणं चांगलं आहे, इतर चारांइतकं खोल नाही.

गाताना काय बिघडतं

स्वरलिपी इतकी नेमकी असूनही ही गाणी वरचेवर बिघडतात. तेच ते तीन-चार प्रकार.

पहिला, गायक आपल्या प्रशिक्षणाप्रमाणे अखंड, रेशमी स्वर लावतो. व्यंजनं मऊ होतात, गळलेला ‘अ’ शेपटासारखा परत उगवतो, आणि राव्हेलने मोजून काढलेली पाच अक्षरं साडेपाच होतात. उपाय जुना आहे: सूर न लावता लिहिलेल्या लयीत वाक्य बोलायचं. ते बोलणं कृत्रिम वाटत नाहीसं झालं की सूर जोडायचे.

दुसरा, विनोद करून दाखवणं. मोराला तोरा, कोंबडीला किरटा आवाज. मजकूर गंभीर चेहऱ्याने सांगितलेला आहे. गायक हसला की श्रोत्याला हसायला जागा उरत नाही. हंसाच्या शेवटी ‘पण मी काय बोलतोय’ च्या आधी अर्थपूर्ण थांबा घेणं हा याच रोगाचा सभ्य अवतार. थांबलं की श्रोता सावध होतो आणि कलाटणी फुकट जाते.

तिसरा दोष पियानोवादकाचा: गायकाच्या बोलण्याला सांभाळून घेत लय सैल करणं. भारतीय साथीची सवय असलेल्यांना हा चांगुलपणा वाटेल. इथे तो घातक आहे. गळ्यातलं बोलणं मोकळं वाटतं ते खालची आकृती काटेकोर चालते म्हणून. दोन्ही सैल झाले की नुसता गोंधळ उरतो.

अनुवादात गाणं हा वेगळाच सापळा. कवितेच्या अनुवादात वृत्त जुळवता आलं तर चाल बसते. इथे प्रत्येक सूर एका विशिष्ट फ्रेंच अक्षराच्या बोलीतल्या लांबीवर बेतलेला आहे, त्यामुळे अर्थ आला की लय मोडते आणि लय जुळवली की वाक्य बोलीतलं राहत नाही.

पुढे काय झालं

टीका झाली तशी बाजूही घेतली गेली. समीक्षक लुई लालुआ याने या गाण्यांचं मोल ओळखलं. देब्युसीला मात्र त्यांत जादूगाराचे हातखंडे दिसले, असं त्याच्या १९०७ च्या पत्रातून कळतं. राव्हेलने १९२८ साली सांगितलेल्या आत्मवृत्तात कारण साधं दिलं: रनारची थेट, स्वच्छ भाषा आणि तिच्यातलं दडलेलं काव्य यांनी त्याला ओढलं, आणि उच्चाराची पद्धत मजकुरानेच ठरवली.

त्याच १९०७ साली त्याने ही पद्धत घेऊन ‘लर एस्पान्योल’ हा एकांकी ऑपेरा हाती घेतला. तो १९११ मध्ये रंगमंचावर आला. त्याच्या स्वरलिपीत गायकांना सूचनाच आहे, की गाण्यापेक्षा बोला; अपवाद मुख्यतः दोनच, शेवटचं पाच जणांचं गाणं आणि एका कवी महाशयांची भूमिका. हे महाशय सतत काव्यमय गळा काढतात, आणि विनोद त्यांच्यावर आहे. १९०७ च्या श्रोत्यांना जे गायन योग्य वाटत होतं, ते इथे पात्राचं खूळ झालं.

१९२५-२६ मध्ये राव्हेल पुन्हा गद्याकडे वळला: अठराव्या शतकातल्या पार्नीच्या मादागास्करविषयक गद्यकविता, गळ्याबरोबर बासरी, चेलो आणि पियानो. या वेळी गळा बोलत नाही, चार वाद्यांतलं एक होऊन गातो. दुसऱ्या गाण्याच्या तोंडी ‘आउआ!’ अशी किंकाळीही आहे, जी मूळ मजकुरात नाही; ती राव्हेलने स्वतः घातली. पार्नीच्या गद्यात हाक होती, आक्रोश होता, आणि तिथे बाहेरून शब्द घालायला त्याने मागेपुढे पाहिलं नाही.